लष्करी गाड्यांची नाडीपरीक्षा

सैन्य पुढें धांवतें, परंतु त्याचें अन्न, दारूगोळा आणि पेट्रोल मागून गाड्यांतून येतें. त्या गाड्या थांबल्या म्हणजे काय होतें? इ. स. १९४४ च्या ऑगस्टांत अमेरिकन सैन्य फ्रान्समध्यें इतक्या वेगानें पुढें सरकलें कीं रसद मागें राहिली. रेल्वेमार्ग दोस्तांच्याच विमानांनीं उद्ध्वस्त केले होते. तेव्हां २५ ऑगस्टपासून ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या नांवानें मालमोटारींची रात्रंदिवस वाहतूक सुरू झाली. ऐन भरांत सुमारें ६,००० गाड्या धांवत. चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक होते. १६ नोव्हेंबरपर्यंत त्यांनीं ४ लक्ष टनांहून अधिक माल पोंचविला. मात्र अतिभार व अपुरी देखभाल यांमुळें टायर फाटले, एंजिनें निकामी झालीं. कोणत्या गाडीचें काय दुखतें हें बहुधा ती बंद पडल्यावरच कळे.

आज गाडी आपलें दुखणें आधीं सांगूं शकते. एंजिनाची उष्णता, तेलाचा दाब, कंपनें, बॅटरीची शक्ति व उरलेलें इंधन यांची नोंद तिच्यांत बसविलेले संवेदक क्षणोक्षणीं घेतात. ती बिनतारी संदेशानें दूरच्या तळावर पोंचवितां येते. तेलाचा दाब दिवसेंदिवस उतरूं लागला, तर गाडी मोहिमेवर धाडण्यापूर्वींच ती दुरुस्त करितां येते. कोणत्या ठाण्यावर किती इंधन व कोणते सुटे भाग लागतील, हेंहि आधीं समजतें. शत्रूच्या टप्प्यांत एक गाडी अडली, तर साऱ्या ताफ्याचे प्राण संकटांत येतात. म्हणून ही केवळ काटकसर नव्हे.

तथापि नुसत्या यंत्रानें कार्यभाग होत नाहीं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें बिघाडाचें पूर्वानुमान करण्याचें धोरण २००२ पासून स्वीकारलें होतें. तरी या कामीं प्रगति मर्यादितच आहे, असें तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानें २०२२ मध्यें दाखवून दिलें. इशारा मिळाला, पण सुटा भाग नाहीं किंवा कारागीर नाहीं, तर त्या इशाऱ्याचा उपयोग काय?

शिवाय गाडीचा संदेश शत्रूहि टिपूं शकतो. संदेशाचा अर्थ सांकेतिक लिपीनें झांकतां येतो. परंतु लहर कोठून निघाली याचा माग काढून तेथें तोफ डागतां येते. यास्तव रणांगणाजवळ गाडीनें मौन पाळावें, नोंद आपल्यापाशीं सांठवावी आणि सुरक्षित तळावर परतल्यावर ती कारागिराच्या हवालीं करावी. तोंपर्यंत एंजिनाचा बदललेला आवाज ओळखणारा चालकाचा कान हाच ताफ्याचा आधार होय.