मोडलेले विमान पुन्हा उडविताना



1878 साली राइट बंधूंना वडिलांनी बांबू, बूच, कागद व रबर यांचे एक उडते खेळणे आणून दिले. ते मोडले, तेव्हा त्या मुलांनी तसेच दुसरे स्वतः करून पाहिले. आपल्याकडे धांड्याची बैलगाडी करणाऱ्या मुलांचा हात याहून उणा नाही.

माझ्या वर्गातील एका मुलाचे काड्या-कागदाचे विमान कडुनिंबावर आदळले. पंख मोडला, नाक चेपले. मार बसेल म्हणून त्याने ते दप्तराखाली दडविले होते. ती भीती आधी काढावी लागली. तुकडे त्यानंतर जमविले.

मोडक्या काड्यांची टोके तिरपी कापून एकमेकींवर बसविली. टोकास टोक लावून चिकटविलेला सांधा पहिल्याच धक्क्यास सुटतो. तिरप्या सांध्यात डिंकास धरावयास जागा अधिक मिळते. डिंक मात्र बेताचाच लावावा. शेपटीकडील तरफ लांब असल्यामुळे तेथील अल्प भारही तोल बिघडवितो.

रात्रभर सुकल्यावर, पंखाच्या पुढील कडेपासून सुमारे एकतृतीयांशावर खालून दोन बोटे देऊन तोलले. शेपटी खाली गेली, म्हणून नाकास थोडे मेण लावले. (माती सुकून गळते.) सकाळी वारा पडलेला असता गवतावर, नाक किंचित खाली ठेवून, हलकेच सोडले. ते डावीकडे वळून पडले! पंखात राहिलेला पीळ मजकडून पाहावयाचा राहिला होता. तो त्या मुलानेच दाखविला. पीळ काढताच विमान अंगणाच्या टोकापर्यंत तरंगत गेले.

पावसाळ्यात ते आम्ही उंच फळीवर ठेवतो. ओल लागली की पंख पुन्हा पिळतो.