पाखरांची व मधमाशांची हजेरी

आमचा उमरगा तालुका पूर्वीं हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी सलीम अली यांनीं १९३१-३२ सालीं केली. देशांत १९८७ पासून दर जानेवारींत पाणपक्ष्यांची गणनाहि होते. रानटी मधमाशांचीहि अशीच हजेरी घ्यावयास हवी. सूर्यफुलांत दाणा भरतो तो बह्वंशीं त्यांच्याच कृपेनें.

आग्या माशी कड्यावर किंवा उंच झाडावर, फुलोरी झुडपांत, तर सातेरी ढोलींत पोळें बांधते. हिवाळी बदकांप्रमाणें आग्याहि ऋतुमानानें स्थलांतर करते. म्हणून एकाच फेरीवरून निर्णय करूं नये. तेंच तळें, तोच वृक्ष, तोच महिना दरसाल पाहावा. कांहींच न दिसलें, तर शून्य लिहावें.

मास्तरकीनें मला एक शिकविलें : गैरहजेरी मांडली नाहीं, तर मुलानें शाळा सोडल्याचें कळतच नाहीं.