कूलंट जातंय कुठे? हेड उतरवण्याआधी मागायचे पुरावे

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी, आणि घरी आठ-दहा वर्षं जुनी गाडी असेल तर खास तुमच्यासाठी.

कूलंटची बाटली सारखी खाली जातेय. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, मान हलवतो आणि म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." हे ऐकून पोटात गोळा येतो, कारण गॅस्केट स्वतः फार महाग नसतं, पण ते बदलायला अर्धं इंजिन खोलावं लागतं. मजुरी तिथे लागते. म्हणून 'हो' म्हणण्याआधी काय बघायचं, ते आज बोलू.

आधी थोडं आतलं. खाली इंजिन ब्लॉक, वर हेड, आणि मधे पातळ गॅस्केट. या गॅस्केटला तीन गोष्टी एकमेकांपासून लांब ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता गॅस, ऑइल आणि कूलंट. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ब्लॉक बऱ्याचदा बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गाडी हद्दीबाहेर तापली की हेड वाकतं आणि गॅस्केटची पकड सुटते. म्हणजे बऱ्याचदा गॅस्केट हा शेवट असतो. सुरुवात असते एखादा फुटका पाइप, बंद पडलेला पंखा, अडकलेला थर्मोस्टॅट. ते मूळ कारण तसंच ठेवून नुसतं गॅस्केट बदललं, तर तोच खर्च पुन्हा.

पहिलं काम: कूलंट खरंच कमी होतंय का? रोज सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी त्याच सपाट जागेवर असताना बाटलीचा फोटो काढा. आठवडाभर. गरम इंजिनमध्ये पातळी वर दिसते, त्यामुळे कधी गरम, कधी थंड बघितलं तर काहीच कळणार नाही. गाडीखाली स्वच्छ, वास नसलेलं पाणी दिसलं तर ते बहुतेक एसीचं असतं, त्याने घाबरू नका. कूलंट रंगीत असतं आणि बोटाला बुळबुळीत लागतं. ते विषारी आहे. सांडलं तर लगेच पुसा, कुत्री-मांजरं चाटतात.

दुसरं काम: बाहेरची गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी मोबाइलचा टॉर्च घेऊन बघा. होस पाइपची दोन्ही टोकं, रेडिएटरचा प्लॅस्टिकचा भाग जिथे जाळीला जोडलाय ती कड, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक. ओल नसली तरी वाळलेला पांढरा किंवा गुलाबी-हिरवा थर दिसतो का, ते बघा. गाडीत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं, पायाखालचा कार्पेट ओला? मग हीटर कोअरवर संशय घ्या.

आता गंमत अशी की काही गळत्या फक्त गरम असताना होतात. सिस्टिममध्ये साधारण एक बार दाब असतो, त्यामुळेच कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. त्या दाबाने थेंब निघतो आणि गरम इंजिनवर लगेच वाळतो. पुठ्ठा कोरडाच राहतो. यावर उपाय म्हणजे प्रेशर टेस्ट. थंड इंजिनला झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा पडला आणि बाहेर कुठे थेंब दिसला, तर चोर सापडला. काटा पडला आणि बाहेर सगळं कोरडं, तर मात्र आत बघावं लागेल. झाकणही तपासून घ्या, त्याची स्प्रिंग ढिली पडते.

तिसरं काम: आतल्या खुणा. थंडीत सुरुवातीची दोन मिनिटं सायलेन्सरमधून वाफ येणं साधं आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर काळजीचं. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस दगडासारखा कडक होणं, बाटलीत सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधी ऑइल, या खुणा गंभीर. पण एकेक खूण फसवी असू शकते.

माझ्या मामाचंच घ्या. नाशिकला राहतो, पेट्रोल हॅचबॅक, रोज दुकानापर्यंत दोन किलोमीटर आणि महिन्यातून एकदा कसारा घाट उतरून मुंबई. एका गॅरेजने ऑइलच्या झाकणाखालची पांढरी साय दाखवून हेड उतरवायला सांगितलं. मामा गाडी विकायच्या तयारीत होता. पण इतक्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, दमट हवेचं पाणी झाकणाखाली जमतं आणि तशी साय होते. डिपस्टिक स्वच्छ होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये दोन टेस्ट केल्या. एक प्रेशर टेस्ट: काटा हळूहळू पडला, वॉटर पंपाखाली थेंब दिसला. दुसरी ब्लॉक टेस्ट: कूलंटवरची हवा निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळलेला गॅस असेल तर द्रव पिवळा होतो. इथे निळाच राहिला. पंप बदलला, पातळी थांबली. गाडी अजून मामाकडेच आहे.

नेहमी असं गोड उत्तर येत नाही. द्रव पिवळा झाला, कॉम्प्रेशन टेस्टमध्ये शेजारचे दोन सिलिंडर कमी आले, तर काम करावंच लागतं. तेव्हा तीन प्रश्न विचारा. हेड सपाट आहे का हे मोजलं का? बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने आणि टॉर्कने आवळणार ना, आणि बदलायचे असतील तर नवे घालणार ना? आणि गाडी मुळात तापली कशामुळे?

शेवटचं, घाटासाठी. काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला की एसी बंद, हीटर फुल, आणि सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद. झाकण गरम असताना उघडू नका, चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका. आणि "अजून पाचच किलोमीटर" म्हणून दामटू नका. किरकोळ पाइपचं काम हेडपर्यंत जातं ते त्या पाच किलोमीटरमध्ये.

तर आजपासून बाटलीचे फोटो सुरू करा, आणि हा भाग घरातल्या गाडीवाल्या माणसाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!