चित्र आले, आवाज राहून गेला
(कार्यकर्त्यांच्या बैठकीत मंडळाच्या चित्रण गटातर्फे केलेले भाषण)



आपल्या गणेशोत्सवाचे व्हिडिओ चित्रण आम्ही काहीजण हौसेने करतो. दिवसभर सरकारी कचेरीतल्या फायली आणि संध्याकाळी मंडळ, असा आमचा दिनक्रम. डिप्लोमात शिकलेले थोडे इलेक्ट्रॉनिक्स एवढीच पुंजी. त्यामुळे आज सांगणार आहोत ते बहुतेक चुकांतून शिकलेले आहे.

सर्वांत मोठी चूक आधी सांगतो. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतल्या आठवणी जपाव्यात म्हणून आम्ही एका आजींकडे गेलो. लग्न होऊन त्या माळव्यात आल्या ते दिवस, राजवाड्याजवळचे बिऱ्हाड, तेव्हाचा गणपती... आजी तासभर बोलल्या. कॅमेरा दहा फुटांवर, डोक्यावर पंखा. घरी येऊन पाहतो तर चित्र सुरेख, पण ऐकू येत होता तो पंखाच. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता दिवाळी उलटली आणि आजीही गेल्या. त्यांच्या नातीने विचारले, "काका, आजी इथे काय म्हणतेय?" आम्ही खाली मान घातली.

तेव्हापासून आम्ही आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो. कारण साधे आहे. माइकचे अंतर दुप्पट झाले की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पंख्याचा आणि खोलीतल्या घुमण्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून कॅमेरा दूर असला तरी चालेल, माइक तोंडापासून वीतभरच हवा.

रेकॉर्डर कोणता घ्यावा? घरी मुलाखत घ्यायची असेल तर झूम एच१एन सारखा खिशात मावणारा रेकॉर्डर आणि ३.५ मिलिमीटर पिनचा कॉलर माइक पुरतो. मात्र मोबाइलसाठीच्या कॉलर माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात; तो रेकॉर्डरला थेट चालेलच असे नाही. दुकानातच लावून, ऐकून घ्यावा. मंडपातल्या कार्यक्रमाला एक्सएलआर जोडणीचा रेकॉर्डर हवा, उदाहरणार्थ टॅस्कॅम डीआर-४०एक्स. झूम एफ३ सारखे रेकॉर्डर ३२-बिट फ्लोट पद्धतीने नोंदवतात. त्यात आवाजाची पातळी आधी ठरवावी लागत नाही. पण मिक्सरमधूनच फाटका आवाज आला तर तेही काही करू शकत नाहीत.

जोडताना सर्वाधिक घोटाळा मिक्सरपाशी होतो. मिक्सरमधून बाहेर येणारा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरदार असतो. म्हणून रेकॉर्डरवर 'माइक' नव्हे, 'लाइन' निवडावे आणि ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद ठेवावा. मागे एका नाट्यप्रवेशाचे चित्रण आमच्या याच विसरभोळेपणाने वाया गेले.

नोंद ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही प्रकारात करावी. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी जागा लागते. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. आरतीला झांजा सुरू झाल्या की वर थोडी जागा लागतेच. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू ठेवावा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. संकलन करताना दोन्ही आवाजांतली टाळी जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. कार्यक्रम लांबला तर शेवटीही टाळी वाजवावी, कारण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत एकसारखी चालत नाहीत. नव्या बॅटऱ्या घालाव्यात, आणि एकाने कानाला हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पंखा त्यालाच आधी ऐकू येतो.

मंडळी, आपल्या पूर्वजांचे कागद, फोटो, ताम्हन-समया आपण जपल्या. पण माळव्याचा हेल असलेली आपल्या ज्येष्ठांची मराठी कागदावर उतरत नाही. ती फक्त आवाजात आहे. यंदा विसर्जनानंतर आम्ही घरोघरी येणार आहोत. आपल्या घरातल्या आजी-आजोबांची नावे आमच्याकडे द्या. आणि आम्ही आलो की तासभर पंखा बंद ठेवा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!