माणसाचा सांचा



आमच्या महाळुंग्यास, चाकणच्या पट्ट्यांतील कारखान्यांत, एका सांच्यांतून हजारो सुटे भाग निघतात. संगणकासाठीं प्रोग्राम लिहिणारे माणसाची माहितीहि अशीच सांच्यांत बसवितात. त्या सांच्यास ‘क्लास’ म्हणतात. शाळेचें जनरल रजिस्टर आठवावें. नांव, आडनांव, जन्मतारीख हे आंखलेले रकाने म्हणजे क्लास. एकेका मुलाची भरलेली ओळ म्हणजे ‘ऑब्जेक्ट’.

यांत शहाणपण आहे. वय लिहून ठेवलें तर तें वर्षभरांत शिळें होतें. म्हणून जन्मतारीख ठेवून वय मागाल तेव्हां काढितात. शिवाय माहितीस वाटेल त्यानें हात लावूं नये. ती ठरलेल्या रीतीनेंच बदलावी, असाहि बंदोबस्त करितां येतो.

परंतु रकाने आंखतांना विचार हवा. ‘आडनांव आवश्यक’ असें ठरविलें, कीं तमिळ कामगार दाराशींच अडतो. पुष्कळ तमिळ लोकांत आडनांव नसतें, वडिलांच्या नांवाचें आद्याक्षर असतें. आपल्याकडेहि आईचें नांव कागदोपत्रीं असलेंच तर वेगळ्या रकान्यांत असे. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें ठरविलें, कीं १ मे २०१४ पासून जन्मलेल्यांचें नांव स्वतःचें, आईचें, वडिलांचें व आडनांव या क्रमानें लिहावें. आई घरांत होतीच. पूर्ण नांवांत तिला जागा मिळण्यास सांचा बदलावा लागला.

कारखान्यांत सांच्यांत न बसणारा भाग टाकून देतात. माणसाच्या बाबतींत मात्र सांचाच पुन्हा तपासावा, एवढें तरुण मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.