वृद्धाश्रमातील फराळ : नेलेला आणि केलेला

(ज्ञातिसंमेलनात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



महिला शाखेचा वार्षिक अहवाल आपल्या हाती आहेच. त्यात ‘वृद्धाश्रमास भेट व फराळवाटप’ अशी एक ओळ वर्षानुवर्षे छापली जात आली आहे. यंदा ती ओळ आम्ही बदलली. ती का बदलली हे आपणांस सांगणे आमचे कर्तव्य आहे, यास्तव थोडा वेळ घेत आहोत.

दर दिवाळीस आम्ही मुंबईबाहेरील एका वृद्धाश्रमात फराळाची खोकी घेऊन जात असू. चार चकल्या, दोन करंज्या, रव्याचा एक लाडू, मूठभर चिवडा आणि वर संस्थेच्या नावाची चिठ्ठी. खोकी वाटावयाची, छायाचित्र काढावयाचे, चहा घ्यावयाचा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावयाचे, असा क्रम होता. तीन वर्षांपूर्वी ऐंशी उलटलेल्या एका आजींनी करंजीचा तुकडा मोडला, बोटांत चुरून पाहिला आणि विचारले, “मोहन कुणी घातलंय ग? जास्त झालंय.” आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. करंज्या दुकानातून आणलेल्या होत्या. आजींनी तुकडा परत खोक्यात ठेवला, खोके उशाशी सारले, आणि आम्हांला वाईट वाटू नये म्हणून “छान आहेत हो” असे त्या म्हणाल्या. परतीच्या गाडीत आम्ही कोणी फारसे बोललो नाही.

त्या आजींनी पन्नास वर्षे एका मोठ्या कुटुंबाची चूल सांभाळली होती. आपल्या घरांत उन्हाळ्याची वाळवणे होत, तेव्हा पापड लाटणाऱ्या सुना असत. पण पिठाची गोळी जिभेवर ठेवून “पापडखार कमी आहे” असे सांगण्याचा मान सासूचा असे. गुडघे गेले तरी गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकण्याचे काम आजीकडेच राही. म्हातारपणी हातातील काम हलके होत जाई, पण काम सुटत नसे. वृद्धाश्रमात ते एका दिवसात सुटते. तेथे वेळेवर ताट येते, वेळेवर उचलले जाते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्यासंबंधीच्या कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे जणांची सोय असलेले एक तरी निवासगृह असावे अशी योजना आहे. अशी घरे जितकी होतील तितकी हवीतच. परंतु “घ्या हो, आणखी थोडं घ्या” असे दुसऱ्यास म्हणण्याची संधी त्या भिंतींच्या आत कोणास मिळते? आम्ही खोकी नेत होतो तेव्हा तीही आम्हीच अडवीत होतो. कारण यजमान आम्ही होतो आणि पाहुणे ते.

म्हणून पुढल्या खेपेस आम्ही तयार फराळ नेला नाही. पातळ पोहे, नारळ, कांदे, लिंबे आणि मोठ्या पराती नेल्या. व्यवस्थापकांनी प्रथम साफ नकार दिला. भाजले तर, कापले तर, ओल्या फरशीवरून कोणी पडले तर, असे त्यांचे प्रश्न होते, आणि ते अवास्तव नव्हते. अखेर विस्तव नाही, विळी नाही, आणि सारे काम खुर्चीत बसून टेबलावर, या अटींवर तासाभराची परवानगी मिळाली.

दडपे पोहे हा पदार्थ या अटींसाठीच जन्मास आला असावा. दहाबारा जणांस अर्धा किलो पातळ पोहे पुरतात. दोन नारळ आम्ही घरूनच खवून नेले, कांदा बारीक चिरून नेला, फोडणी आश्रमाच्या स्वयंपाकघरात करून घेतली. उरलेले काम सर्वांचे. कोणी पोहे निवडले, कोणी लिंबे पिळली, कोणी कोथिंबीर खुडली, कोणी मीठ-साखर घालून हाताने कालवले. मग नारळाच्या पाण्याचा हबका मारून, वर ताट आणि ताटावर वजन ठेवून वीस मिनिटे दडपावयाचे. ही वीस मिनिटे सर्वांत रंगली. साखर घालावी की न घालावी यावरून असा वाद माजला, की आश्रमात आल्यापासून एकमेकींशी न बोललेल्या दोघी एका पक्षात सापडल्या. मोहनवाल्या आजींनी चव पाहिली आणि एका शब्दात निकाल दिला, “मीठ.” मीठ घातले गेले.

खाण्याची वेळ आली तेव्हा आम्ही मुद्दाम खुर्च्यांवर बसून राहिलो. आजींनी आणि त्यांच्या शेजारणींनी बशा भरल्या आणि आमच्यापुढे ठेवल्या. एकीचा हात कापत होता. चार पोहे टेबलावर सांडले. आमच्यातील एक भगिनी मदतीस उठू लागली, तिला आम्ही हाताला धरून खाली बसविले.

सारे काही सुरळीत झाले असे मात्र नाही. पहिल्याच खेपेस हिरव्या मिरच्यांचे देठ काढण्याचे काम आम्ही एका आजींना दिले. त्यांनी नकळत डोळे चोळले आणि त्यांना अर्धा तास त्रास झाला. ती चूक सर्वस्वी आमची. तेव्हापासून मिरची फक्त फोडणीत जाते. दुसरी चूक अधिक गंभीर ठरली असती. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होणाऱ्या एका गृहस्थांपुढे आम्ही कुरमुऱ्यांची भेळ ठेवणार, तोच परिचारिकेने ती उचलली. कोरडा, भुरभुरीत पदार्थ अशा माणसाच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. आता प्रत्येक भेटीपूर्वी कोणास काय चालते याची यादी आम्ही परिचारिकेकडून घेतो. मधुमेह, रक्तदाबामुळे मिठाची बंदी, कवळी, गिळण्याची अडचण, हे सारे त्यात येते. खजुराचे लाडू ‘बिनसाखरेचे’ म्हणून मधुमेह्यांना बिनदिक्कत देण्याची प्रथा पडली आहे; ती भ्रामक आहे, खजुरात साखरच साखर असते. ओल्या नारळाचा पदार्थ उन्हाळ्यात टिकत नाही. केला की लगेच संपवावा, ‘रात्रीसाठी’ कोणास ठेवू देऊ नये. हात धुणे, नखे पाहणे आणि बोटास जखम असलेल्यास दुसरे काम देणे, हे तर घरचेच नियम आहेत.

या तीन वर्षांत आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटले ते गव्हले. नव्या पिढीने ते रुखवतातच पाहिले असतील. रवा दुधात घट्ट भिजवावा, चांगला मळावा, आणि चिमटीत घेऊन तांदळाएवढे दाणे वळावेत. विस्तव नको, विळी नको, फारशी दृष्टीही नको. बोटांना सारे कळते. एका बाईंना आपल्या मुलीचे नाव आठवत नाही, दुपारी जेवलो की नाही हेही आठवत नाही. पिठाची गोळी हातात दिली आणि त्यांची बोटे चालू लागली. सवयीने हातांत मुरलेले काम इतर स्मृती गेल्यावरही पुष्कळदा टिकते, असे डॉक्टर सांगतात. त्या बाईंनी तासाभरात वाटीभर गव्हले वळले, आणि आमचे ओबडधोबड गव्हले निवडून बाजूस काढले! सुकलेल्या गव्हल्यांची खीर पुढल्या भेटीत होते. ती मऊ शिजते, कवळी असलेल्यांस सोसते, आणि साखर घालण्यापूर्वी मधुमेह्यांचा वाटा वेगळा काढता येतो.

पुरुषांविषयी आमचा अंदाज चुकला. ज्यांनी जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता असे एक निवृत्त कारकून लिंबाच्या बिया मोजून वेगळ्या ठेवतात आणि प्रत्येक खेपेस आकडा जाहीर करतात. उलट एक बाई पहिल्या दिवसापासून परातीजवळ आल्या नाहीत. आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, “बासष्ट वर्षं हेच केलं. आता मला कोणी करून घाला.” आम्ही खजील झालो. त्या दिवसापासून त्या खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचतात आणि त्यांची बशी पहिली भरली जाते. कामाचा मान परत देण्याच्या उत्साहात कामाची सक्ती होऊ नये, हे त्यांच्याकडून शिकण्याजोगे होते.

येथे एका आक्षेपाचा उल्लेख केलाच पाहिजे. आश्रमात आपल्या ज्ञातीची माणसे थोडी. मग ज्ञातीचा निधी तेथे का खर्चावा, असे कार्यकारिणीत विचारले गेले. वास्तविक एका परातीभोवती बसलेल्यांस ज्ञाती विचारून बशा मांडता येत नाहीत, आणि आम्ही त्या तशा मांडणारही नाही. खर्चाविषयी म्हणाल, तर दिवाळीच्या एका खोकेवाटपाच्या रकमेत अशा सहा भेटी होतात. हिशेब अहवालासोबत जोडला आहे.

उणीव आहे ती हातांची. आठदहा वृद्धांमागे निदान चार मदतनीस लागतात, आणि आज आम्ही सारे मिळून पाच आहोत. त्यांतही तिघी साठी ओलांडलेल्या. पुढील भेट मार्गशीर्षातील दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आज सत्र संपल्यावर चिटणीसांकडे नावे द्यावीत. सोबत काही आणू नये. पोटात थोडी जागा मात्र ठेवून यावे, कारण किती पाहुणे येणार हे आजी आधीच विचारून घेतात आणि त्या बेताने पोहे भिजवतात.