वाडा वाचवायचा, पण कुणासाठी?
(वाईतील सभेत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली सावित्रीबाई-जोतिबांनी मुलींची शाळा काढली. तो वाडा डिसेंबर २०२३मध्ये पाडला, तोही स्मारकासाठीच! भाडेकरू आणि महापालिका यांचा दावा वर्षानुवर्षे चालला; तोवर वाडा मोडकळीला आला होता.

वाईच्या पेठेतल्या वाड्यांसाठी सह्या गोळा करत मी दारोदार फिरले. एका वाड्याच्या मागच्या सोप्यात साठीपुढच्या दोघी बहिणी पापड लाटतात. भाडेपावती अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर. थोरली म्हणाली, “ताई, वाडा वाचला आन् त्याचं हॉटेल झालं, तर आम्ही कुठं जायचं?” मला उत्तर सुचलं नाही. एमएसडब्ल्यूला हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून नगरपालिकेच्या निवेदनात मी दोन मागण्या घातल्या. वारसा यादी करताना वाड्यात राहणाऱ्या, राबणाऱ्या बायकांचीही नोंद व्हावी. आणि दुरुस्तीसाठी घर सोडावं लागलं, तर परत येण्याचा हक्क लेखी मिळावा. मालक बिथरतील, म्हणून हे गाळा, असं आपल्यातलेच काही म्हणतात. बिथरू देत. कागद टेबलावर आहे. पहिल्या दोन सह्या त्या बहिणींच्या आहेत.